फाशाचे मार्क

लेकीने प्रगतिपुस्तक टेबलावर आपटलं. इतिहासात वीसपैकी सहा! दिवसभर लोकांचे एक्स-रे काढून मी नुकतीच दवाखान्यातून आले होते. खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती.

"अभ्यास केला नव्हतास?"

"आई, आमच्या गटाचं एकही उत्तर चुकलं नाही!"

मग सगळं बाहेर आलं. इतिहासाच्या सरांनी वर्गात सापशिडी मांडली होती. प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं, की फासा टाकायचा. आधी वर पोहोचेल त्या गटाला पूर्ण मार्क, शेवटच्याला सहा. हिच्या गटाला एकच मोठा साप दोनदा गिळून बसला. निम्मी उत्तरं चुकलेला गट शिड्या चढत पहिला आला. आणि हे मार्क म्हणे वार्षिक निकालात धरणार!

"जाऊ दे गं," मी म्हणाले. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की दुसऱ्या दिवशी मला मुकाट्याने शाळेत जावं लागलं.

सर वह्यांच्या ढिगाआड बसले होते. मी तोंड उघडायच्या आत लेकच म्हणाली, "सर, मार्क इतिहासाचे की फाशाचे?"

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अगं, पूर्वी या वर्गात कोणी पुस्तक उघडत नव्हतं. मार्क ठेवले म्हणून उघडतात. बंद करू का खेळ?"

"खेळ राहू दे. मार्क उत्तरांना द्या."

"नियम सगळ्यांना सारखाच होता ना?"

"अहो सर," आता माझंही डोकं फिरलं, "सगळ्यांना सारखी लॉटरी काढायला लावली, तर ती परीक्षा झाली का?"

सर वैतागून म्हणाले, "बरं बाई! पुढच्या वेळेपासून मार्क उत्तरांना. पण दिलेले मार्क आता कसे काढून घेऊ? त्या पोरांना काय सांगू?"

"त्यांचे राहू देत. आमचे वाढवा," लेक म्हणाली. "नाहीतर आम्ही मुख्याध्यापिका बाईंना भेटतो."

सरांनी हताशपणे लाल पेन उचललं. "वाढवतो. ही काही मला आज घरी जाऊ द्यायची नाही."

"थँक्यू, सर. पुढचा खेळ कधी?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिचा दंड धरला आणि तिला बाहेर ओढलं.