कुसैच्या आईचं चित्र

लमीसने कॉफीची कपबशी पुढे केली आणि नाव विचारलं. आलेल्या बाईला तिच्या गल्लीत सगळे उम्म कुसै, कुसैची आई, म्हणूनच हाक मारत. पण ते नाव इथे सांगायची सोय नव्हती.

"इंतिसार," ती म्हणाली. स्वतःचं नाव कितीतरी वर्षांनी तोंडात आलं होतं.

लुवैबदेच्या उतारावरची ही दोन खोल्यांची गॅलरी लमीस एकटी चालवायची. इथे कुसैच्या चित्रांचं पहिलंच प्रदर्शन लागलंय, हे इंतिसारला शिवणाच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं होतं. नऊ वर्षांपूर्वी भांडून घर सोडलेल्या मुलाचं तोंड तिने त्यानंतर पाहिलं नव्हतं. त्याचं एखादं तरी चित्र खपावं, कुणी घेतलं ते त्याला कळूही नये, एवढ्यासाठी तो नसेल अशी वेळ साधून ती आली होती.

तिने बोट दाखवलं ते चित्र एका बंद दाराचं होतं. खालच्या फटीतून उजेड, आणि उजेडात दोन पावलांच्या सावल्या. नाव होतं 'आई'.

लमीसची कळी खुलली. चित्रकाराची आई तो लहान असतानाच वारली, तिने सांगितलं. होती तोवर पोराला कोंडून दिवस दिवस बाहेर असायची म्हणे. फार दगडाच्या काळजाची बाई, असं तोच सांगतो.

इंतिसारने कपबशी खाली ठेवली. ती दिवसभर लोकांच्या घरी शिवायला जायची, आणि पोराला ठेवायला कुणी नव्हतं. हे ती बोलली नाही. किंमत विचारली आणि घासाघीस न करता कबूल केली.

तेवढ्यात कुसै आत आला. दाढी वाढली होती, कपाळावरचे केस मागे हटले होते. चित्र या बाई घेताहेत, असं लमीसने उत्साहाने सांगितलं. त्याने क्षणभर पाहिलं. मग अदबीने छातीवर हात ठेवला.

"आभारी आहे, मावशी."

ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"आई कशाने गेली रे तुझी?"

"हळूहळू गेली," तो म्हणाला.

लमीसने नजर खाली वळवली.

"अल्ला तिला माफ करो," इंतिसार म्हणाली.

"आमीन."

चित्र त्यानेच कागदात गुंडाळलं, टॅक्सीपर्यंत त्यानेच नेलं. लमीस आतच थांबली. आता रस्त्यावर, ऐकायला कुणी नसताना, तो काहीतरी बोलेल. शिव्या दिल्या तरी चालतील, म्हणून इंतिसार मुद्दाम सावकाश चालत होती. त्याने चित्र सीटला टेकवून ठेवलं, तिला हात देऊन बसवलं, दार लावलं. मग तो ड्रायव्हरच्या खिडकीशी वाकला.

"अश्रफियाच्या चढावर न्या, हुम्मुसवाल्याच्या माडीवर. जिना अरुंद आहे, चित्र वरपर्यंत पोचवा."

मागे वळून न पाहता तो आत गेला.

टॅक्सी उताराला लागली. जुनं घर सोडून इंतिसार त्या माडीवर राहायला आली, त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ती शेजारणींना सांगत आली होती, की पोरगा येईल तरी कसा, त्या बिचाऱ्याला नवा पत्ता कुठे ठाऊक आहे.