दुसरा प्रेस

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास काळुराम भोईरने ऑफिसच्या काचेच्या दारावर लोखंडी पहार घातली, तेव्हा मेघना आपला डबा फ्रिजमध्ये ठेवत होती. एकाच घावात दार खाली आलं. दुसरा घाव रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर बसला आणि तिसरा मध्ये पडायला आलेल्या दिपेश सरांच्या खांद्यावर. सर कळवळून भिंतीशी बसले.

वागळे इस्टेटमधल्या त्या दुसऱ्या मजल्यावर जेमतेम पंधरा माणसं काम करायची. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचे कंट्रोलर तिथे बनायचे. दिपेश सर मालक. मशीनच्या मेंदूत जो अगदी तळाचा प्रोग्राम असतो, ज्याला कर्नेल म्हणतात, ते काम मेघनाकडे. विठ्ठलवाडीच्या चाळीतून आलेली, तीस वर्षांची, हुशार म्हणून नावाजलेली मुलगी.

"ह्यो प्रोग्राम कुनी लिवला?" काळुराम ओरडला. "मना सांगा! माझे भावाचा हात खाल्लान त्या मशीननं!"

मेघनाला काहीच माहीत नव्हतं. कुठली मशीन, कुणाचा हात? पण प्रोग्राम कुणाचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मी लिहिलाय," ती म्हणाली.

तो वळला आणि पहार फिरवली. मेघनाने डोकं वाचवायला डावा हात वर केला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. दुखणं नंतर आलं, आधी तो आवाजच तिने ऐकला.

मग मात्र सगळे तुटून पडले. वॉचमन, टेस्टिंगची मुलं, खालच्या वर्कशॉपमधले दोघं. त्यांनी काळुरामला पाडलं, जिन्यापर्यंत फरफटत नेलं आणि बुटांनी तुडवलं. त्याच्या तोंडातून दात आणि रक्त एकदम बाहेर आलं. तरी तो बोलतच होता. "विश्राम दारू प्यायलेला, असं लिवलंव तुमी! त्यानं जन्मात दारूला हात लावला नाय!"

"सोडा त्याला!" मेघना किंचाळली. "अरे मरेल तो, सोडा!"

सर खांदा धरून उठले. "पोलीस नकोत," ते म्हणाले. "खाली नेऊन सोडा."

मेघनाला तेव्हा कळलं की सरांना सगळं आधीपासून माहीत आहे.

"सर, काय झालंय?"

"बाळकुमला प्रफुल्लशेठच्या शेडमध्ये शुक्रवारी अपघात झाला. ऑपरेटरची चूक. रिपोर्ट गेलाय. तू आधी हाताचं बघ."

"मशीनची नोंद आलीये का?"

"मेघना, हाताचं बघ."

तिने ओढणीने हात गळ्यात बांधला आणि कुणी अडवायच्या आत सर्व्हर उघडला. शुक्रवारची फाइल तिथेच होती. एका हाताने ती ओळी सरकवत राहिली. घाम डोळ्यांत जात होता. बोटं फुगून वांग्यासारखी झाली होती.

अर्ध्या तासात तिला सापडलं.

प्रेससमोर अदृश्य किरणांचा एक पडदा असतो. आत हात गेला की किरण तुटतात आणि 'हात आहे' अशी नोंद मेमरीच्या एका पानावर होते. ते पान दर फेरीला बदलतं. कुठलं पान कुठे आहे याचं कोष्टक कर्नेल ठेवतो, पण प्रोसेसर दर वेळी ते कोष्टक उघडत बसत नाही. अलीकडचे पत्ते तो जवळच ठेवतो. म्हणून पान बदललं की प्रोसेसरच्या दोन्ही भागांना सांगावं लागतं, जुना पत्ता टाकून द्या. या सांगण्यात वेळ जातो, एक भाग दुसऱ्यासाठी थांबतो. मार्चमध्ये मेघनाने ते थांबणं कमी केलं होतं. दर वेळी न सांगता सोळा बदल साचले की एकदाच सांगायचं. मशीन मोजमापात दिसण्याइतकी जलद झाली. सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या होत्या.

पडद्याचं पान त्या सोळांतून वगळायला हवं होतं. ती विसरली होती. शुक्रवारी दुपारी विश्रामचा हात आत होता, नव्या पानावर 'हात आहे' असं उमटलंही होतं. पण प्रोसेसरचा दुसरा भाग जुन्याच पत्त्यावरचं जुनं पान वाचत बसला. तिथे लिहिलं होतं, 'रिकामं'. साठ टनांचा प्रेस खाली आला.

"सर, चूक माझी आहे," ती लॅपटॉपसकट केबिनमध्ये जाऊन म्हणाली. "ऑपरेटरची नाही. तिथे दुसरा प्रेस आहे ना? त्यावरही हेच आहे. बंद करायला सांगा."

सरांनी लॅपटॉप तिच्या हातून हिसकावला, इतका जोरात की मोडका हात टेबलावर आपटला आणि तिच्या डोळ्यांपुढे काळोख आला. "एक शब्द बाहेर गेला तर कंपनी बुडेल. कळतंय?"

"आत्ता, या क्षणी तिथे कुणाचा तरी हात आत असेल!"

"घरी जा."

ती जिना उतरली. प्रफुल्लशेठचा फोन तीनदा वाजून बंद झाला. गेटपाशी काळुराम मोटरसायकलला टेकून बसला होता, शर्ट रक्ताने चिकटलेला. तिला बघून त्याने मुठी आवळल्या.

"तुमच्या भावाची चूक नव्हती," मेघना म्हणाली. "माझी होती. नंतर मारा मला. दुसरा प्रेस चालू आहे, त्यावर कोण बसतं?"

काळुरामने मुठी सोडल्या. मग थुंकला. "शालू. आमचे आळीतली हाय." आणि त्याने किक मारली. "बस गो मागं."

रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यात तिच्या हातातली हाडं एकमेकांवर घासत होती. ओरडू नये म्हणून तिने ओठ चावला, तो फाटला.

बाळकुमची शेड पत्र्याची होती. आत पहिला प्रेस ताडपत्रीखाली झाकलेला, खालच्या फरशीवर धुतल्याचा पांढरट डाग. दुसरा प्रेस धडाधड चालला होता. शालू, चाळिशीची बाई, एकामागून एक पत्रा आत सरकवत होती. मनगटापर्यंत हात आत, बाहेर, परत आत.

"हात काढा!" मेघना धावली. "ताई, हात काढा!"

शालू दचकून मागे झाली. मेघनाने भिंतीवरचा मुख्य खटका खाली ओढला. प्रेस हवेतच थांबला.

प्रफुल्लशेठ ऑफिसातून धावत आला. या जमिनीचा आणि शेडचा मालक, काळुरामच्याच भावकीतला. त्याने मेघनाची मान पकडून तिला खांबावर आपटलं. "कोण गं तू? शालू, लाव परत!"

"मशीनला हात दिसत नाही कधीकधी," मेघना धापा टाकत म्हणाली. "प्रोग्राम चुकलाय. पण पडद्यापासून प्रेस खाली सोडणाऱ्या व्हॉल्व्हला थेट तार दिलेली असते, प्रोग्राम चुकला तरी प्रेस अडवायला. ती तार कुठाय?"

तिने पाहिलं. बाजूच्या पेटीत तारेच्या जागी तांब्याचा एक वाकडा तुकडा खुपसलेला होता, म्हणजे व्हॉल्व्हला पडदा सदा रिकामाच वाटणार.

"सारखी मशीन थांबायची," प्रफुल्ल म्हणाला. "काम कसं करायचं?"

काळुरामनेही तो तुकडा पाहिला. त्याने कपाळच प्रफुल्लच्या नाकावर हाणलं. नाक फुटलं. दोघं फरशीवर कोसळले, एकमेकांचे गळे धरून, एकमेकांच्या रक्तात घसरत. प्रफुल्लने हाताला लागलेला पाना उचलून काळुरामच्या गुडघ्यावर मारला. काळुराम गुरासारखा ओरडला, पण गळा सोडेना. प्रफुल्लचा मॅनेजर त्यांना ओलांडून गेला आणि त्याने खटका वर केला. प्रेस पुन्हा हलला.

मेघनाने भिंतीशी पडलेला घण उचलला. एका हाताने तो डोक्यावर जाईना, म्हणून कमरेतून फिरवला. कंट्रोलरची पेटी वाकली. दुसऱ्या घावाला झाकण उडालं, आत हिरवं बोर्ड दिसलं. त्यावर तिने चौदा महिने घालवले होते. तिसरा घाव त्यावरच बसला. ठिणग्या उडाल्या, धूर आला, प्रेस थांबला. मॅनेजरने तिला पाठीत लाथ घातली. तरी पडता पडता तिने चौथा घाव घातलाच.

पोलिसांना शालूने फोन केला. ते येईपर्यंत ती मशीनसमोर दगड घेऊन उभी होती, कुणालाही जवळ येऊ देत नव्हती.

मेघनाची नोकरी गेली. तोडफोडीचा गुन्हा तिच्यावर लागला, मारहाणीचा काळुरामवर. पण तांब्याचा तुकडा पंचनाम्यात आला आणि प्रफुल्लला अटक झाली. दिपेश सरांना इतर अकरा ठिकाणचे कंट्रोलर बंद करावे लागले.

हाताला प्लास्टर घालून ती विश्रामला भेटायला गेली. त्याची वहिनी, काळुरामची बायको, दाराशी बसली होती. त्याचा उजवा हात मनगटापाशी संपला होता. तिने सगळं सांगितलं, पडद्याचं पान, मशीन जलद करायला साचवलेले सोळा बदल, काहीही न गाळता.

"जलद म्हंजे किती जलद?" त्याने विचारलं.

"पापणी लवायला लागते त्याच्या हजाराव्या भागाइतकी."

विश्रामने उशाजवळचा स्टीलचा पेला उचलून तिच्या तोंडावर फेकला. पेला तिच्या कानाशेजारून भिंतीवर आदळला. त्याने ताटली फेकली, तीही चुकली. मग औषधाची बाटली. ती पायाशी फुटली.

"डाव्या हातानं नेम नाय लागत," तो म्हणाला, आणि रडायला लागला.

मेघना हलली नाही. त्याचं रडणं ओसरल्यावर तिने पिशवीतून कागद काढले. कामगार अधिकाऱ्यासमोर द्यायचा जबाब होता. पहिल्या पानावर तिची चूक, दुसऱ्यावर तारेची हकिकत.

"वाच," विश्राम भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "मोठ्यानं वाच. वहिनीला पन ऐकू दे."

तिने काचा पायाने बाजूला केल्या आणि वाचायला सुरुवात केली.