पहिल्याच उत्तराला बंद होणारा गोल

मी एक जुना लोडिंगचा गोल आहे. मित्रांनो, वेबसाइटचे पान उघडताना मधोमध जो स्वतःभोवती गरगरत असतो आणि ज्याच्याकडे पाहून तुमचे बाबा "झालं, बसा आता" म्हणतात, तोच मी.

माझा जन्म एका प्रसूती रुग्णालयाच्या मागच्या खोलीत झाला. तिथे चादरींच्या गठ्ठ्यांशेजारी एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्यापुढे एक प्रोग्रामरताई. काउंटरवरच्या सिस्टर नातेवाइकांच्या प्रश्नांनी मेटाकुटीला आल्या होत्या, म्हणून घरबसल्या खुशाली कळेल असे पान ताईने तयार केले आणि निळा रंग देऊन मला त्यात बसवले. "छान फिरतोय हो," सिस्टर म्हणाल्या. ते माझे पहिले आणि बराच काळ शेवटचे कौतुक.

त्या वेळी पान एकच गोष्ट विचारायचे, पेशंट कोणत्या खोलीत आहे. ते विचारायला पानाचा निरोप्या जायचा, उत्तर आणायचा आणि आल्याबरोबर मला बंद करायचा. सुखाचा संसार होता. पुढे व्याप वाढला. आईची खुशाली वॉर्डातून, प्रत्येक बाळाची नोंद नवजात कक्षातून, असे कितीतरी निरोपे एकदम धावू लागले. नियम मात्र जुनाच राहिला. जो पहिला परत येईल तो मला बंद करून मोकळा. बाकीचे अजून वाटेत आहेत हे बघणाऱ्याला कळायचेच नाही. मी मनातून जळफळायचो, पण गोलाचे ऐकतो कोण?

एके सकाळी एका सलूनमधून मला बोलावणे आले. फोन आरशापुढे पावडरच्या डब्याला टेकून उभा होता. सलूनवाले काका आजोबा व्हायच्या बेतात होते. मुलगी रुग्णालयात, काकू तिच्यासोबत, आणि वॉर्डात फोन बंद ठेवायचा असल्यामुळे काकूंचाही काही निरोप नाही. काकांचे हात साबणाने भरलेले, म्हणून पान उघडले खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने. ते गणिताचे मास्तर होते आणि त्यांची अर्धीच दाढी झाली होती.

मी फिरू लागलो. काका वस्तरा हातात धरून माझ्याकडे एकटक बघत राहिले. इतक्या मायेने मला कुणी पाहिले नव्हते. तेवढ्यात वॉर्डातला निरोप्या आला आणि त्याने मला बंद केले.

"आलं बघा," मास्तर वाचू लागले. "आई सुखरूप."

"आणि बाळ?"

मास्तर फोनकडे आणखी वाकले.

"अहो मास्तर, बाळाचं काय लिहिलंय?"

"बाळं... शून्य."

काका मटकन बाकावर बसले. "नीट बघा हो," ते कसेबसे म्हणाले.

"नीटच बघतोय. शून्यच आहे." मास्तरांनी हळूच त्यांच्या हातातला वस्तरा काढून घेतला.

मी पानाच्या पोटात दडलेला. अहो, बाळांचे निरोपे यायचेत अजून, ते शून्य म्हणजे उत्तर नव्हे, उत्तराची रिकामी जागा आहे, असे ओरडून सांगावेसे वाटत होते. पण मला फिरण्याखेरीज काही येत नाही, आणि तेही बंद केलेले.

"थांबा," मास्तर म्हणाले. "एक झालं."

"काय एक झालं?"

"शून्य होतं तिथे एक आलंय. मुलगी. सुखरूप."

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. त्यांनी मास्तरांना मिठीच मारली आणि मास्तरांच्या गालावरचा सगळा साबण आपल्या खांद्यावर घेतला. त्या खांद्यावरून फोनकडे बघत मास्तर चाचरत म्हणाले, "काका, आता दोन झालीत."

काकांनी झेप घेऊन फोन पालथा घातला. "पुरे, बघू नका आता. बघाल तितकी वाढतायत."

जुळ्या नातवंडांना बघायला काका रुग्णालयात आले ते आधी मागच्या खोलीत शिरले. चांगले फैलावर घ्यायचे ठरवूनच आले होते. पण "ताई, त्या शून्यापायी मी बाळ गेलं असंच धरून बसलो होतो," एवढेच ते बोलले. ताई मान खाली घालून ऐकत होती. त्याच दुपारी तिने नियम बदलला. आता गेलेले निरोपे मोजले जातात आणि शेवटचा परत आल्याशिवाय कुणी मला हात लावत नाही. तोवर पानावर एकही आकडा दिसत नाही. त्यामुळे मी जास्त वेळ फिरतो आणि जास्त शिव्या खातो, पण त्याचे मला काही वाटत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी काही जण अशी पाने बनवाल. जिथे उत्तर यायचे आहे तिथे शून्य लिहू नका, तिथे मला फिरू द्या. वाट बघणे कुणालाच आवडत नाही. पण त्या सकाळी काकांना नुसती वाट बघू दिली असती, तर त्यांनी तासभरसुद्धा माझ्याकडे आनंदाने पाहिले असते.