मीनाबाईच्या खोलीतला भित्रा टीव्ही

माझ्या पडद्यावर डावीकडे एक हिरवी उभी रेघ आहे. ती कुठल्या सिनेमातली नाही, माझ्या वयाची आहे. मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे आणि स्वभावानं भित्रा आहे. विजेचा दाब वर-खाली झाला की माझा पडदा लुकलुकायला लागतो. कुणी ओलं फडकं घेऊन जवळ आलं की धडकी भरते. गल्लीत क्रिकेट सुरू झालं की माझा सगळा जीव खिडकीच्या काचेत अडकतो. पण ही भीती किरकोळ होती, हे मला फार उशिरा कळलं. खरी भीती मी सोलापुरातल्या एका पत्र्याच्या खोलीत, माणसाच्या तोंडावर पाहिली.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडलं, तांबडा-हिरवा-निळा दाखवून तपासलं आणि थर्माकोलमध्ये दाबून बसवलं. खोकं उघडलं तेव्हा समोर भीमा उभा होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेम्पो चालवायचा तो. त्याची बायको मीनाबाई तिथल्याच एका युनिटमध्ये टॉवेलच्या कडा शिवायची. तिनं मला बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखालच्या फळीवर बसवलं आणि धूळ बसू नये म्हणून सेकंड मालातला, विणीत खोट असलेला एक टॉवेल माझ्यावर पांघरला. त्यांचा एकुलता एक मुलगा संघपाल तेव्हा शाळेत जात होता.

ते माझे कौतुकाचे दिवस. शेजारची सुंदरम्मा तेलुगू बोलणारी, विणकराच्या घरातली. सुट्टीच्या दुपारी ती तेलुगू पिच्चर बघायला यायची आणि मीनाबाई तिच्या मांडीला मांडी लावून बसायची. मीनाबाईला तेलुगूचं ओ की ठो कळत नव्हतं. तरी सुंदरम्माच्या आधी तिच्याच डोळ्यांत पाणी यायचं. "मीना, तुला काय समजतंय ग ह्यातलं?" असं सुंदरम्मानं एकदा विचारलं. मीनाबाई म्हणाली, "बोलणं समजत न्हाय म्हणून तर मी तोंडं नीट बघते." संघपाल तेव्हा तिथंच अभ्यासाला बसला होता. हे वाक्य त्यानं लक्षात ठेवायला हवं होतं.

पुढं भीमा छातीत कळ येऊन गेला. सुंदरम्मा लेकीकडे राहायला गेली. मीनाबाई सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची आणि संध्याकाळी आली की भिंतीला टेकून डोळे मिटायची. माझ्याकडे बघणार कोण? टॉवेल दिवसच्या दिवस माझ्या तोंडावर असायचा. संघपाल पुण्याला शिकून आला आणि इथं रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये लागला. पहाटे घरोघरी जाऊन नमुने घ्यायचे आणि दुपारी मोकळं, असं त्याचं काम.

पुण्याहून त्यानं एक पेनड्राइव्ह आणला होता. दुपारी आई कामावर असताना तो दाराला कडी घालायचा, माझा आवाज अगदी बारीक करायचा आणि पिच्चर लावायचा. देशोदेशीचे पिच्चर होते ते. एकात बर्फाळ समुद्रावर मासे धरणारे दोन गडी होते, एकात लढाईच्या खंदकातले दोन शिपाई. एक पोलिसांचा, एक भुताचा. एक तर पोट धरून हसवणारा, लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्या दोन आचाऱ्यांचा. भाषा वेगळी, मुलूख वेगळा, पण प्रत्येकात दोन पुरुष असायचे आणि त्यांचा एकमेकांवर जीव असायचा. मित्रांनो, लोक मला बघतात तसा मीही लोकांना बघत असतो. इतकं एकटं बसून बघणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. गल्लीत कुणाची चप्पल वाजली तरी त्याचा हात रिमोटवर जायचा. त्याचं बघून मीही दचकायला शिकलो.

गेल्या उन्हाळ्यात मीनाबाई युनिटमधल्या ओल्या फरशीवर घसरली. घोट्याचं हाड मोडलं, प्लास्टर चढलं आणि तिची खाट बरोबर माझ्यासमोर आली. दोन-तीन दिवस तिनं मालिका बघितल्या. मग कंटाळून म्हणाली, "ह्या बाया नुसत्या कारस्थानं करत्यात. भाकरी कवा थापत्यात काय म्हाईत. संघपाल, तू दुपारचं दार लावून काय बघत असतूस म्हणं, ते लाव की."

संघपालच्या तोंडावरचा रंग उडाला. नाही म्हणावं तर संशय येणार. मग त्यानं हिशेब केला: बोलणं परदेशी, खालची अक्षरं इंग्रजी. आईला दोन्ही येत नाही. आपण सांगू तेच तिला कळणार. शिकलेल्या माणसांचं असंच होतं, समोरच्याला अक्षर येत नाही म्हणजे काहीच येत नाही असं त्यांना वाटतं.

रोज दुपारी एक पिच्चर, असं सुरू झालं. संघपाल खाटेजवळ खाली बसून मराठीत सांगायचा. मासे धरणारे दोघं "सख्खे भाऊ" झाले. खंदकातले शिपाई "एकाच गावचे, शेजारी" झाले. भुताच्या पिच्चरमधलं भूत तर त्यानं नायकाचा मामाच करून टाकलं. ते दोघं फार जवळ आले की तो रिमोटनं पुढं पळवायचा.

"काय पळवलंस?" मीनाबाई विचारायची.

"गाणं होतं, आई."

"ह्या लोकांच्यात गाणी लई हायत की," ती म्हणायची आणि ताटलीतले शेंगदाणे सोलत राहायची.

मला दोघांचीही तोंडं दिसत होती. तो आईकडे बघायचं टाळत होता, आणि ती अर्धा वेळ माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. ही काय विचार करते आहे, या काळजीनं माझी पाठ तापायची. तिनं हाक मारून गल्ली गोळा केली तर? त्याला घराबाहेर काढलं तर? मी दिवसभर बोलणारी वस्तू, पण स्वतःचं एक अक्षर मला बोलता येत नाही.

एका दुपारी आचाऱ्यांचा पिच्चर चालला होता. मीनाबाई खरंच हसत होती. उकाड्यानं दार नुसतं लोटलेलं होतं. ते ढकलून संघपालचा मामा, सतीश, आत आला.

"जय भीम, आक्का. पाय काय म्हणतोय?"

सतीश वाईट माणूस नव्हता. भीमा गेल्यावर या घराला आधार त्यानंच दिला होता. म्हणूनच संघपाल त्याला जास्त भ्यायचा. माझ्या पडद्यावर त्या वेळी नेमकं काय होतं? एका आचाऱ्याचा हात भाजला होता. दुसऱ्यानं त्यावर फुंकर घातली आणि मग तो हात हळूच ओठांना लावला. संघपालनं रिमोट दाबला. सेल उतरले होते. पुन्हा दाबला. मी मनातल्या मनात वीज जाण्याची वाट बघत होतो. रोज दुपारी जाणारी वीज त्या दिवशी काही केल्या जाईना.

"ही दोघं कोण रं?" मामानं विचारलं.

संघपाल रिमोटचे सेल काढून पुन्हा बसवू लागला. इतके दिवस भाऊ, शेजारी, मामा असं सगळं ज्याला सुचत होतं, त्याला त्या क्षणी काहीच सुचलं नाही.

"आचारी हायत," मीनाबाई म्हणाली. "त्याचा हात भाजलाय, दुसरा फुंकर घालतोय."

"आन तोंडाला कशाला लावतोय?"

"त्यांच्यात तशी रीत आसंल. तू बस की. संघपाल, मामाला च्या टाक."

मामा बसला, हसला. "आमच्या गल्लीत असलीच दोन पोरं घावली, आक्का. एकाच्या बापानं त्याला पट्ट्यानं आसा फोडला की आठ दिस उठला न्हाय. मग लगीन लावून दिलं. आता गप हाय." तो हे सहज सांगत होता. गॅसजवळ पाठमोरा उभा असलेला संघपाल मला दिसत होता. त्याच्या हातातली साखर खाली सांडत होती.

मग मामानं मुद्द्याचं काढलं. अकलूजची मुलगी होती, कीर्ती नावाची, शाळेत शिक्षिका. रविवारी बघायला जायचं होतं. "मी गाडी सांगितलीया. संघपाल, दाढी-बिढी करून तयार ऱ्हा."

"व्हय, मामा," संघपाल म्हणाला. आवाज बारीक केल्यावर माझा येतो, तेवढाच त्याचा आला.

मामा गेला. पिच्चरही संपत आला होता. शेवटी एक आचारी पेटी घेऊन बसमध्ये चढला आणि दुसरा रस्त्यावर उभा राहिला. मीनाबाईनं तेवढं नीट बघून घेतलं.

"कडी लाव," ती म्हणाली. त्यानं लावली. "ती मासं धरणारी भाऊ न्हवती. आन तू पळवत व्हतास ती गाणी न्हवती."

संघपाल खाली बसला. एवढा मोठा, लोकांच्या दंडात सुई घालणारा माणूस, पण त्याचे खांदे हलत होते. "मामाला सांगू नकोस, आई," एवढंच तो म्हणाला.

"तुझं कुणी हाय का?"

"व्हता. पुण्याला. घरच्यांनी त्याचं लगीन लावलं."

"आन त्याची बायकू?"

"रडत असती म्हणं."

मीनाबाईनं प्लास्टरचा पाय उचलून खाटेखाली सोडला आणि त्याच्याकडे तोंड केलं. मला वाटलं, आता ही ओरडणार. पण ती बोलली ते मी कधीच ऐकलं नव्हतं.

"मी रोज काय बघतीया सांगू? समुद्रातला एक बुडला. शिपायाला गोळी लागली. पोलिसाच्या पिच्चरातला त्यो पोरगा मारला. भुताच्यात तर एक आदीच मेलेला. आज म्हटलं ह्यो हसायचा हाय, तर त्यो बी सोडून गेला. कुटल्याबी मुलखात जावा, ही दोघं म्हातारी व्हतच न्हाईत. तुझ्याकडं आसा एकबी पिच्चर न्हाय का, दोघं म्हातारी झालेला?"

तेव्हा मला कळलं, की ती इतके दिवस कशाला भीत होती. लोक काय म्हणतील ही तिची भीती नव्हतीच. आपला लेक म्हातारपणापर्यंत पोचणार नाही, या भीतीनं ती शेंगदाणे सोलत बसली होती.

संघपालनं डोळे पुसले आणि पेनड्राइव्हमधलं एकेक नाव बघत गेला. मला बघायची गरज नव्हती. ते सगळे पिच्चर माझ्या अंगावरून गेले होते.

"न्हाय, आई."

मीनाबाईनं फोन उचलला. "सतीश, रविवारी येऊ नको. पोरीत काय खोट न्हाय, आसंच सांग त्यांना. न्हाय म्हणणारी मी हाय. दुसऱ्याची लेक आणून मला तिला रडवायची न्हाय."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. आधी तो चढला, मग एकदम खाली आला. "आक्का, मगाशी त्यो पिच्चर... पोराचं तसलं काय हाय का?"

मीनाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "त्यो माझा लेक हाय. त्याच्या अंगाला कुणाला हात लावायचा आसंल, तर आदी मला लावावा लागंल." तिनं फोन ठेवला आणि संघपालकडे बघितलं. "भ्या वाटतंय?"

"व्हय."

"मलाबी वाटतंय. पिच्चर न्हाय तर नसू दे. तू हो म्हातारा. दात पडू देत, कंबर वाकू दे, पर हो. मी बघाय असंन का न्हाय ठावं न्हाय."

प्लास्टर निघालं. मीनाबाई पुन्हा टॉवेल शिवायला जाते, पाय जरा ओढते. मामा अजून आलेला नाही. तो येईल तेव्हा एकटा येईल की चार माणसं घेऊन, हे कुणालाच माहीत नाही. दारावर थाप पडली की आम्ही तिघंही कडीकडे बघतो. पण रविवारी मायलेक माझ्यासमोर बसतात, आणि संघपाल आता काही पळवत नाही. प्रत्येक नवा पिच्चर लागला की मीनाबाई विचारते, "ह्यात तरी म्हातारी व्हत्यात का?" तो म्हणतो, "बघू, आई."

मित्रांनो, एरवी मी तुमच्याकडे मागितलं असतं की मला ओलं फडकं लावू नका, चेंडू जपून मारा. ते आता राहू द्या. माझी हिरवी रेघ रोज थोडी रुंद होते आहे, आणि मीनाबाईचे गुडघेही बोलू लागले आहेत. तुमच्यातलं कुणी मोठं होऊन पिच्चर काढणार असेल, तर कुठल्याही मुलखातला, कुठल्याही भाषेतला काढा, पण त्यातल्या दोघांना जगू द्या. त्यांना ऐकू कमी येऊ द्या. चष्मा कुणी कुठं ठेवला यावरून भांडू द्या. आणि जमलं तर जरा लवकर काढा.