आधी सांगितल्याप्रमाणे

प्रयोगशाळेत तिला सगळे 'बिनरंगी' म्हणायचे, आणि म्हणणाऱ्यांचं तरी काय चुकलं? एका रानटी बीच्या अर्कातून एक प्रथिन वेगळं काढायचं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं, सकाळी त्यात एक द्रव घालायचा आणि निळा रंग चढायची वाट बघायची, एवढंच तिचं काम. सरांनी तरुणपणी छापलेल्या लेखात तो निळा असा काही झकास होता की बघत राहावं. हिच्या नळीत मात्र पाणी. स्वच्छ, नितळ, निर्लज्ज पाणी.

"काय बिनरंगी, आज तरी उजाडलं का?" शेजारच्या टेबलावरचा रोज विचारायचा. तीही हसायची. उसनं हसू आणून आणून तिचा जबडा दुखायला लागला होता.

तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? बिया बदलल्या, द्रव नवा मागवला, फ्रीज बदलला. एकदा तर सरांना शेजारी उभं करून, लेखातली ओळ न् ओळ मोठ्यानं वाचत कृती केली. सकाळी पुन्हा पाणी. सर मनानं वाईट नव्हते हो, पण तोंडाला कुलूप नाही. त्या दुपारी ते नळीकडे बघत म्हणाले, "कृती तीच, बिया त्याच. मग राहिलं काय? हात. काहींच्या हाताला गुण नसतो, त्याला कोण काय करणार? हे सत्र संपेपर्यंत रंग आला नाही तर मी तुला या कामावर ठेवू शकणार नाही. एखादी नोकरी बघून ठेव." आणि दारातून वळून म्हणाले, "आधीच्याचंही हेच झालं."

आधीचा म्हणजे तिच्याआधी त्याच टेबलावर तोच प्रयोग करणारा मुलगा. तिनं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. रंग येईना म्हणून तो संशोधन सोडून गेला आणि आता कुठल्याशा शाळेत शिकवतो, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. त्याचा ॲप्रन अजून खणात पडून होता, खिशावर शाईचा डाग घेऊन. प्रयोगशाळेतले गमतीनं म्हणायचे, त्याच्या नशिबातला निळा तेवढाच. हिला पूर्वी त्यावर हसू यायचं. आता तो खण उघडायचीसुद्धा भीती वाटायला लागली.

घरी सांगणं त्याहून अवघड. आई शिवणकाम करायची आणि तिच्या हाताचं नाव होतं. दुसऱ्यांनी बिघडवलेले कपडे लोक आईकडे घेऊन यायचे. अशा बाईच्या पोटी येऊन हाताला गुण नाही असं कसं सांगायचं? तरी तिनं सांगितलं, जेवता जेवता, ताटाकडे बघत. दादाचा घास हातातच राहिला. आई मात्र उखडली.

"तुझ्या हाताला नाव ठेवणारा कोण तो? लहानपणी माझी काजं कोण करायचं? तुझी काजं बघून बायका विचारायच्या, मशीन घेतलं का म्हणून! टाका उसवायला लागला की मी आधी सुई बघते, मग दोरा बघते. हाताकडे सगळ्यात शेवटी."

"आई, ही शिवण नाहीये गं."

"बरं बाई, नसेल," आई म्हणाली आणि तिच्या ताटात जास्तीची भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात पुस्तकं परत करायला गेली. सगळी. सत्र संपायला वेळ होता, पण तिच्या मनानं केव्हाच गाशा गुंडाळला होता.

विज्ञान विभागाच्या ग्रंथपालांना विद्यार्थी 'उभ्या बाई' म्हणायचे. कारण साधं होतं. कुणी काही विचारायला आलं की त्या स्वतः उठायच्या, आपल्या खुर्चीत त्याला बसवायच्या आणि मागे हात बांधून उभ्या राहायच्या. काही झालं तरी माऊसला हात लावायच्या नाहीत. "मी शोधून दिलं तर मला येईल, तुला कुठून येणार?" दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना माहिती कशी शोधायची ते त्या शिकवत. हिनंही तो तास केला होता, म्हणजे मागच्या बाकावर बसून छान झोप काढली होती.

उभ्या बाईंनी पुस्तकं एकेक करून यंत्राखालून काढली आणि थांबल्या. "सगळीच परत? अजून मुदत आहे की."

"आता गरज नाही, मॅडम." एवढंच म्हणायचं होतं, पण मग बांध फुटल्यासारखं सगळंच बाहेर आलं. पाणी, निळा, हात, सर, आधीचा.

सगळं ऐकून झाल्यावर बाईंनी आपली खुर्ची तिच्यापुढे सरकवली. "बस इथं."

"मॅडम, आता काही उपयोग..."

"रडायचंच आहे तर माझ्या खुर्चीत बसून रड, मऊ आहे. आणि रडता रडता एक सांग. ही कृती तू घेतलीस कुठून?"

"सरांच्या लेखातून. त्यात नाही ते त्यांनीच दाखवलं."

"आणि सरांनी?"

हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. सर म्हणजे सर. त्यांच्या मागे आणखी कुणी असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. तिनं नाक पुसलं आणि सरांचा लेख उघडला. कृतीच्या परिच्छेदात पहिलंच वाक्य होतं, 'प्रथिन आधी सांगितल्याप्रमाणे वेगळे केले.' पुढे बारीक आकडा. आकड्यावरून शेवटची यादी, यादीवरून दुसराच एक लेख. तो उघडला तर त्यात, 'आधी सांगितल्याप्रमाणे, किंचित बदल करून.' पुन्हा आकडा.

"बघ, ही कशी गंमत असते," मागून बाई म्हणाल्या. "बापाला विचारावं तर तो म्हणतो आजोबांना विचार, आजोबा म्हणतात पणजोबांना विचार. आणि पणजोबांची गाठ कुणीच घेतलेली नाही. चल, आपण जाऊ पणजोबांकडे."

आजोबांपर्यंत ती बरी पोचली. तिथं मात्र घोडं पेंड खायला लागलं. दिलेल्या खंडात, दिलेल्या पानावर भलताच लेख होता, माशांच्या खवल्यांवरचा. तिनं हताश होऊन खुर्ची मागे ढकलली, ती बाईंच्या पायावरच गेली.

"आई गं! अगं, पाय मोड, पण धीर सोडू नकोस. आकडा चुकला असेल. एकानं चुकीचा छापला की पुढचे सगळे मूळ न बघता तोच उतरवतात. आकड्याचा नाद सोड. माणसाच्या आडनावानं शोध, आणि जोडीला बीचं नाव टाक. नवं नाही, त्या काळी चालायचं ते."

तिनं टाकलं. काही नाही. स्पेलिंग बदलून पुन्हा टाकलं, आणि पडद्यावर एकच ओळ उमटली. लेख होता, पण नुसता नावापुरता. छापील अंक दूरच्या एका विद्यापीठाच्या तळघरात. बाईंनी तिच्याकडूनच मागणीचा निरोप लिहून घेतला आणि तिकडच्या ग्रंथपालांना स्वतः फोन केला. मग बाजूला ठेवलेली पुस्तकं तिच्या हातात परत दिली. "ही घेऊन जा. पणजोबा येईपर्यंत मी काही परत घेणार नाही."

त्या दिवसांत ती जिवंत होती एवढंच म्हणायचं. रोज ग्रंथालयाच्या दारात डोकवायची, बाई लांबूनच मान हलवायच्या. आणि एका सकाळी बाईंनी मान हलवली नाही, हात केला.

पणजोबांनी कृती पानंच्या पानं लिहिली होती, अघळपघळ, जुन्या माणसानं बोलावं तशी. तिच्या प्रत्येक पायरीशी जुळत होती. शेवटी एक तक्ता आणि तक्त्याखाली मुंगीच्या अक्षरात एक टीप. बाई म्हणाल्या, "तळटीप वाचल्याशिवाय उठायचं नाही." तिनं वाचली. 'अर्क काचेतच ठेवावा. नव्याने मिळू लागलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत रात्रभर ठेवलेला अर्क सकाळी निकामी झाला. प्रथिन बाटलीला चिकटत असावे.'

ती टीप तिनं पुन्हा वाचली, आणि मग आपल्या हातांकडे बघितलं. तिच्या सगळ्या नळ्या प्लास्टिकच्या होत्या. प्रयोगशाळेत सगळ्यांच्याच असायच्या. सुई बघ, दोरा बघ, आई म्हणाली होती.

काचेच्या नळ्या मागच्या कपाटात धूळ खात होत्या. तिनं त्या धुतल्या, अर्क काढला, ठेवला. सकाळी ती द्रव घालायला लागली तेव्हा शेजारचासुद्धा चिडवायचं विसरून उठून बघायला आला. नळीच्या तळाशी आधी धुरकट काहीतरी हललं, आणि मग निळा चढायला लागला. वर, आणखी वर. लेखातल्यापेक्षाही गडद.

"आयला," शेजारचा म्हणाला. "रंग!"

नळी तशीच मुठीत धरून ती जिना उतरली, अंगण ओलांडलं आणि ग्रंथालयात घुसली. दारावर पाटी होती, द्रवपदार्थ आत आणू नयेत. उभ्या बाईंनी पाटीकडे बघितलं, नळीकडे बघितलं, आणि खुर्ची ओढून मटकन खाली बसल्या. विद्यार्थी आलेला असताना त्यांना खुर्चीत बसलेलं त्या दिवशी पहिल्यांदाच लोकांनी बघितलं.

"मॅडम, तुमचे उपकार मी..."

"मान, आभार मान," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "मी काही नको म्हणणारी नाही, मला आवडतात. लेखात छाप माझं नाव, मी आईला दाखवीन. पण एक कबूल कर. कृती पुरती लिही, काचेसकट. 'आधी सांगितल्याप्रमाणे' म्हणून पुढच्याला वाऱ्यावर सोडू नकोस."

तिनं कबूल केलं, आणि पुढे तो शब्द पाळलाही.

मग तिनं ती नळी आणि ती तळटीप सरांपुढे ठेवली. ते निळी नळी उजेडात धरून बघत राहिले. "आमच्या वेळी काचेच्याच होत्या," शेवटी ते म्हणाले. "दुसऱ्या आपल्याकडे मिळतच नव्हत्या. मग 'काच' म्हणून लिहिणार कशाला? आणि नंतर मीच हौसेनं प्लास्टिकच्या आणल्या. धुवायचा त्रास नको म्हणून."

"सर, आधीच्याच्याही प्लास्टिकच्याच होत्या ना?" तिनं विचारलं.

सरांनी स्वतःच उठून खण उघडला आणि तो ॲप्रन बाहेर काढला.

आधीचा शिकवायचा ती शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती; सर आणि ती दोघं मिळून गेले. ॲप्रन आईनं धुऊन, कडक इस्त्री करून दिला होता. तुटलेलं बटणही लावलं होतं. मधल्या सुट्टीत तो वर्गाबाहेर आला, हाताला खडू लागलेला. सरांना बघून त्याचा चेहरा आखडला. एरवी फटकळ माणूस, पण आज सरांनी नुसताच तो ॲप्रन पुढे केला. म्हणून तिनंच पिशवीतून नळी काढून त्याच्या हातात दिली.

"तुमच्या प्रयोगातला रंग आहे हा," ती म्हणाली. "काचेत ठेवलं की येतो. प्लास्टिकला प्रथिन चिकटून बसायचं. जुन्या लेखात लिहिलेलं होतं, पण तो कुणी बघितलाच नव्हता. ग्रंथालयातल्या बाईंमुळे मला सापडला. तुमचा हात वाईट नव्हता, माझाही नव्हता."

त्यानं नळी खिडकीच्या उजेडात धरली. त्याचा हात अगदी स्थिर होता. मागे मुलं दंगा करत होती, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"खरं, सर?" त्यानं न वळताच विचारलं.

"खरं," सर म्हणाले. "तुझा हात चांगला होता. मीच नीट बघितलं नाही, आणि तुला नाही नाही ते बोललो. चूक माझी होती. माझी, बाळा."

तो वळला. डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर कधीपासून अडकून पडलेलं काहीतरी सुटल्यासारखं हसू होतं.

"परत सांगा, सर," तो म्हणाला.

आणि सरांनी पहिल्यापासून, काहीही न गाळता, सगळं परत सांगितलं.