रेघेच्या वरची बैठक

पाण्याची पातळी म्हणजे पाणी किती चढलं ते, असं शहाणी माणसं समजतात. तोमेकिचीच्या गावात मात्र पातळी म्हणजे बांधावरच्या लाकडी खांबावर कोरलेली रेघ. बांध त्या रेघेपेक्षा उंच झाला की नदीचा पूर वरच्या गावात तुंबायचा, ठेंगणा राहिला की खालच्या गावात शिरायचा. म्हणून दोन्ही गावांनी भांडून-तंडून ती रेघ ठरवली होती.

आता तोमेकिचीच्या खालच्या गावानं करावं तरी काय? लग्न असो की मर्तिक, त्यांनी वाट धरली बांधावरूनच. गवती चपला चिखलात बुडवून निघायचं आणि वर पोचलं की झाडायच्या. असा बांध वीतभर वाढला.

भातपीक ओंबीला आलं तसा वरच्या गावचा मुखिया कान्जुरो पाणी भरलेली लांब लाकडी पन्हळ घेऊन हजर झाला. पन्हळीतलं पाणी निवळेपर्यंत थांबला, मग एक डोळा मिटून त्यानं पाण्याच्या सपाटीवरून रेघेकडे नजर लावली.

"व्याही, तुमच्या बांधानं बाळसं धरलंय."

"तुमच्याच लेकीचा पायगुण," तोमेकिची म्हणाला. कान्जुरोची ओशिनो त्याची सून.

कान्जुरो पोटभर हसला आणि बांध रेघेपर्यंत तासून गेला.

लगोलग पूर आला. पाणी रेघेला टेकलं. मागे तोमेकिचीचं वर्षाचं भात उभं. माती टाकावी, तर कान्जुरो होडीत बसून पहाऱ्यावर. तेव्हा तोमेकिची बांधावर चढला आणि नदीकडे पाठ करून चक्क बसला. शेजारी ओशिनो बसली. मग सगळं गाव, खांद्याला खांदा भिडवून. पाणी लोकांच्या कमरेपर्यंत चढलं, पण आत थेंब नाही. रांगेत चहासुद्धा फिरला.

"उठा! ही लबाडी आहे!" कान्जुरो ओरडला.

"बोलणं मातीचं झालं होतं, व्याही. ढुंगणाचं कुठं काय ठरलंय?"

पण तोमेकिची पडला बोरूसारखा बारीक. त्याच्या आणि ओशिनोच्या मधून धार लागली ती थेट भाताकडे.

"बाबा," ओशिनो मान न वळवता म्हणाली, "इथं तुमच्या अंगाएवढी जागा आहे."

"माझं शेत बुडेल, पोरी!"

"ते केव्हाच बुडालं. होडी त्याच्यावरूनच आणलीत ना?"

कान्जुरोनं होडी खांबाला बांधली, किमोनो आवरला आणि दोघांच्या मध्ये बूड टेकलं. धार थांबली.

"सरका जरा," तो गुरगुरला. "हाडं टोचतात तुमची."

तोमेकिचीचं भात वाचलं. कान्जुरोच्या शेतातून पाणी ओसरलं, तेव्हा मागे नुसते मासे उरले. त्या हिवाळ्यात दोन्ही घरांत भातावर मासा असायचा.