सरळ केलेली रेघ

सिस्टरनं गाऊन बाजूला केला आणि तिचा हात तिथंच थांबला. मास्तरांच्या छातीवरच्या जांभळ्या रेघा आज भलत्याच देखण्या दिसत होत्या. याच रेघांवर नेम धरून आतलं मशीन किरणं सोडायचं.

"मास्तर, या कुणी काढल्या?"

"तुमच्याच की."

"आमच्याकडं कुणाला जन्मात इतकी सरळ रेघ जमायची नाही."

चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतलेला माणूस. एरवी फुशारला असता. आता नुसता नखं बघत बसला.

"परवा हिनं आंघोळ घातली," ते हळूच म्हणाले. "मन लावून चोळलं. रेघा गेल्या. मग मी आरशात बघून मारल्या. एक तिरकी होती, ती सरळ केली. डोळ्याला खुपत होती हो."

"तिरकीच हवी होती ती."

म्हणजे कालची किरणं मास्तरांच्या रेघेवर गेली. आणि काल त्यांना आत कुणी सोडलं? सिस्टरनंच. बाहेर रांग होती, तिनं गाऊन वर केला न केला आणि कागदावर 'खुणा तपासल्या' म्हणून सही ठोकली.

"हिला कळू देऊ नका," मास्तर म्हणाले. "गाठ उशिरा दाखवली म्हणून आधीच स्वतःला खात असते. तुम्ही आपल्या परत काढा ना गुपचूप. कोण बघतंय?"

पेन खिशातच होतं. तिचा हात खिशापर्यंत गेलाही. मग ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली.

"वहिनींना मी नाही सांगणार. डॉक्टरांना सांगावं लागेल. तुमचं, आणि काल मी बघितलं नाही तेही."

"नुकसान झालं असेल?"

काही होत नाही हो, हे वाक्य दिवसातून वीस वेळा तिच्या तोंडी असायचं. आज ते येईना.

"माहीत नाही, मास्तर. पुन्हा स्कॅन काढतील, मापं घेतील. आज मशीनवर घेणार नाहीत."

"कापड कापून झाल्यावर मापं," मास्तर पुटपुटले.

ती गाऊनच्या नाड्या बांधू लागली. गाठ काही बसेना. मास्तरांनी तिचा हात बाजूला केला आणि स्वतःच बांधली.

"चला," ते म्हणाले. "आधी माझं सांगा. तुमचं नंतर."

"नाही, आधी माझं," सिस्टर म्हणाली आणि तिनं डॉक्टरांचं दार वाजवलं.